साहेब पुढे असतात

तारीख १४ एप्रिल. कामोठ्यात सकाळपासून निळे झेंडे लागलेत, संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी डीजेची गाडी सजते आहे. आजच्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, हे जयंतीच्या गर्दीत सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या ध्यानात आहे. म्हणून तुम्ही मानसरोवरहून सीएसएमटीची लोकल पकडता, खिडकीची जागा मिळवता आणि गाडी वाशीच्या खाडीवर आली की मागे वळून बघता.

मागे काहीच नाही. खारघरचे टॉवर नाहीत, बेलापूरच्या कचेऱ्या नाहीत. सिडकोचा जन्म व्हायला अजून सव्वीस वर्षं आहेत. कामोठे म्हणजे खाडीकाठचं एक गाव, भाताची शेतं, त्यापलीकडे मिठागरं. एप्रिलचं ऊन आहे, म्हणजे मिठाचा भर हंगाम. बांधावर पांढरे ढीग रचलेत. तुम्ही ज्या पुलावर आहात तोही नाही, तो १९९२ चा. पण आता इतकं पुढे आलात तर थांबू नका. कुर्ल्यापासून पुढची हार्बर लाइन तेव्हाही आहे आणि तिच्यावर विजेची गाडी १९२५ पासून धावते आहे. कॉटन ग्रीन, रे रोड, मग मस्जिद. इथं उतरा.

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. दुपारचे दोन वाजलेत.

व्हिक्टोरिया डॉकच्या फाटकावर पहारा आहे, कारण युद्ध चालू आहे. तुम्हाला कुणी अडवत नाही. आत मालाचे ढीग, क्रेन, हातगाड्या, घामेजलेली पाठ पुसणारे गोदी कामगार. धक्क्याला सात हजार टनांचं एक जहाज लागलंय, नाव फोर्ट स्टिकिन. कॅनडात बांधलेलं, फेब्रुवारीत इंग्लंडच्या बर्कनहेडहून निघालेलं, कराचीमार्गे परवा मुंबईत पोचलेलं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आहेत, खोक्यात घातलेली लढाऊ विमानं आहेत, सोन्याच्या विटा आहेत. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गासड्या चढवल्या. कापूस, तेलाची पिंपं, लाकूड आणि दारूगोळा एका जहाजात! शांततेच्या काळात असा माल भरू दिला नसता. युद्धात जागा मिळेल तिथं माल कोंबतात.

दारूगोळ्याच्या जहाजावर लाल बावटा लावायचा दंडक असतो. मान वर करून बघा. बावटा नाही.

दोन नंबरच्या मालकोठारातून धूर येतोय. शेजारी उभा असलेला, बोलण्यावरून घाटावरचा वाटणारा एक कामगार सोबत्याला सांगतो, "आत कापूस पेटलाय म्हनं. इझंल आता." त्याचा आवाज निर्धास्त आहे. कापूस पेटणं त्याला नवं नाही.

पहिले बंब येतात. होज उलगडतात, जोडतात, पाणी सुरू होतं. तुम्ही टीव्हीवर बघितलेल्या आगीसारखी ही आग नाही, कारण ज्वाळा कुठंच दिसत नाहीत. धूर इतका दाट आहे की जळतंय नेमकं कुठं, तेच कळत नाही. जवान धुराच्या तोंडावर पाणी मारतायत आणि पाणी आत नाहीसं होतंय. नऊशे टनांहून जास्त पाणी त्या पोटात जातं. नंतर जहाजावर जिथं तिथं पाणी उकळायला लागतं. हे वाक्य दोनदा वाचा. आगीवर ओतलेलं पाणी उकळतंय आणि त्या उकळत्या जहाजावर माणसं नळ्या धरून उभी आहेत.

मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः धक्क्यावर आलेत. त्यांना एव्हाना आत काय आहे ते समजलंय. जहाजाचे कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथ तिथंच आहेत, गोदीचे अधिकारी आहेत, दारूगोळ्याचे जाणकार आहेत. जहाज इथंच बुडवायचं, बाहेर खोल पाण्यात न्यायचं, की विझवत राहायचं? एकमत होत नाही. एकट्याने हुकूम सोडावा असा अधिकारही त्यातल्या कुणाकडे नाही. वेळ जातो आणि नळ्या चालूच राहतात.

इथं जरा थांबून कूम्ब्सांकडे बघा. त्यांना भायखळ्याच्या मुख्यालयात बसून माणसं पाठवता आली असती. ते जिथं उभे आहेत तिथून जहाज हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या मते या खात्याची सगळी रीत त्या उभं राहण्यात आहे. पोलिसात, सैन्यात, कचेरीत हुद्दा वाढतो तसा माणूस धोक्यापासून मागे सरकतो. अग्निशमन दलात साहेब जवानांच्या बरोबरीने धूर गिळतो. जवान नळी सोडत नाही, कारण आपला साहेब तिथंच उभा आहे हे त्याला दिसत असतं.

तीन पन्नासला जहाज सोडायचा हुकूम होतो. बरेचजण उतरतात. दलाचे जवान धक्क्यावर नळ्या धरून राहतात.

चार वाजून सहा मिनिटं.

त्या क्षणी तुम्ही इथं नको. मी तुम्हाला सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवर, कामोठ्याच्या बांधावर नेतो. मिठागरात माणसं कमरेत वाकून मीठ ओढतायत. ऊन पश्चिमेकडे कललंय. आवाजाला खाडी ओलांडून इथं यायला सव्वा मिनिट लागतं, म्हणजे तिकडे सगळं होऊन गेल्यावरच इथल्या माणसांनी मान वर केली असेल. आभाळ कोरडं, ढग एकही नाही. एप्रिलात गडगडाट कसला, असं त्यांना वाटलं असेल. मग मुंबईच्या दिशेला धुराचा खांब वर चढताना दिसला असेल, आणि अर्ध्या तासात दुसरा, पहिल्याहून मोठा दणका. मी "असेल" म्हणतोय, कारण मिठागरातल्या माणसांनी पाहिलेलं कुणी लिहून ठेवलेलं नाही. लिहून ठेवलेलं आहे ते एवढं की मुंबईत बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि थेट सिमल्याच्या भूकंपमापकाची सुई हलली.

परत गोदीत या. फोर्ट स्टिकिनचे दोन तुकडे झालेत. चार हजार टनांचं जलपद्म जहाज उचलून धक्क्यावर पडलंय. गोदामं पेटलीत, जळता कापूस वाऱ्याबरोबर मांडवीकडच्या छपरांवर पडतोय. कप्तान नाइस्मिथ गेले. कूम्ब्स वाचले. त्यांच्या दलाचे सहासष्ट जण गेले, त्र्याऐंशी जखमी झाले. वाचलेल्यांनी आपल्या माणसांची मोजदाद करायच्या आधी आग विझवायला घेतली. ती आटोक्यात आणायला तीन दिवस लागले. मृतांचा नक्की आकडा आजही कुणी सांगू शकत नाही. आठशे ते तेराशे असं लिहितात. ऐंशी हजार माणसं बेघर झाली, आणि पाच लाख टन राडारोडा उपसायला आठ हजार माणसं सात महिने खपली. युद्धाच्या सेन्सॉरमुळे बाहेरच्या वर्तमानपत्रांना खरी बातमी कळवायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला.

लोकांच्या लक्षात मात्र सोनं राहिलं. एक वीट दीड-दोन किलोमीटरवर एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली, गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या, हे किस्से मुंबईत अजून चवीने सांगतात. सहासष्ट जणांपैकी एकाचं तरी नाव सांगा म्हटलं तर सांगणारा मिळत नाही. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, दर चौदा एप्रिलला तिथं फुलं वाहिली जातात. आजचा सप्ताह त्यांच्याच नावाने पाळला जातो.

आता चाला. गोदीतून बाहेर पडा, मस्जिद बंदर ओलांडा, मोहम्मद अली रोड मागे टाका आणि पश्चिमेला काळबादेवीकडे वळा. जेमतेम दोन किलोमीटरचं अंतर, पण पावलागणिक वर्षं मागे पडतायत. ट्राम गेली, घोड्यांच्या टांग्यांच्या जागी टॅक्स्या आल्या. गल्ल्या मात्र तशाच अरुंद राहिल्या. इमारतीही पुष्कळशा त्याच: लाकडी तुळया, लाकडी जिने, माळे. खाली दुकान, वर कारखाना, त्याच्यावर संसार, आणि या सगळ्यात दर दहा वर्षांनी कुणीतरी बसवलेलं नवं पार्टिशन. वरून विजेच्या वायरी वेलींसारख्या पसरलेल्या.

शनिवार, ९ मे २०१५. दुपार कलली आहे.

ओल्ड हनुमान लेनमध्ये गोकुळ निवास नावाच्या इमारतीत आग लागल्याची वर्दी दलाला मिळते. बंब येतात खरे, पण गल्ली इतकी चिंचोळी की गाडी कुठं उभी करायची, शिडी कुठं लावायची, इथूनच झगडा सुरू. तुम्ही पोलिसांच्या दोरीबाहेर गर्दीत उभे आहात. धूर वरच्या मजल्यांतून बाहेर पडतोय आणि त्याला जुन्या सागवानाचा वास आहे. सत्तर-ऐंशी वर्षं सुकलेलं लाकूड. ते आतल्या आत धुमसत राहतं, वरून शांत दिसतं, आणि तुळई पोखरून झाली की एकदम खाली येतं. शेजारच्या घरांतली माणसं बाहेर काढली जातायत. एक बाई हातात फक्त देवघरातलं ताम्हन घेऊन उभी आहे.

दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आलेत. त्यांचे उपप्रमुख सुधीर अमीन आहेत. अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई आहेत. आगीत उतरलेले हे चौघेही अधिकारी. दलाच्या दैनंदिनीत ही नावं लागोपाठच्या ओळींत येत असतील. आज ती एकाच इमारतीत आहेत.

आणि इमारतीचा भाग कोसळतो.

राणे आणि देसाई परत येत नाहीत. अमीन आणि नेसरीकर गंभीर भाजतात. इमारतीत राहणाऱ्यांपैकी कुणी दगावलं नाही. गेले ते सगळे वाचवायला गेलेले.

या घटनेनंतर एक प्रश्न फार विचारला गेला आणि तो मी टाळणार नाही: प्रमुखाने आत जायचं कशाला? अग्निशमनाचं शास्त्र सांगतं की सेनापतीने बाहेर थांबून सगळ्या बाजू बघाव्यात. आग कुठं सरकतेय, इमारत किती वेळ टिकेल, कुणाला कधी मागे बोलवायचं, हे बाहेरूनच कळतं. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात १९५७ पासून देशभरचे अधिकारी हेच शिकून जातात. शास्त्र बरोबर आहे. मुंबईने एका आगीत आपल्या अनुभवी अधिकाऱ्यांची अख्खी फळी गमावली आणि ती भरून यायला वर्षं जातात, हेही खरं. पण गोकुळ निवाससारख्या इमारतीचा नकाशा कुणाकडे असतो? कुठला माळा कधी काढला, कुठल्या खोलीत सिलिंडर आहेत, जिन्याखाली काय रचलंय, हे महापालिकेच्या कागदांवर नसतं. ते आत जाऊनच कळतं, आणि ज्याने तीस वर्षं असल्या इमारती बघितल्यात त्यालाच धुरातून कळतं. नवख्या जवानाला आत ढकलून आपण खाली उभं राहायचं, हे दलातल्या जुन्या माणसाला जमत नाही. मी शास्त्राच्या बाजूने आहे. तरीही आत गेलेल्या माणसाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नेसरीकर हे आडनाव ऐकलं की कोल्हापूरकडची नेसरी आठवते आणि तिथले प्रतापराव गुजर. ती तुलना मला इथं नको आहे. प्रतापराव जिव्हारी लागलेला बोल घेऊन शत्रूवर धावले होते. काळबादेवीत कुणावर चढाई नव्हती, कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. ते रोजचं काम होतं.

तुम्ही आता पुन्हा खाडी ओलांडता. नेसरीकर आणि अमीन यांना नवी मुंबईत, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आणलंय. कामोठ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने थेट जाता येतं. बाहेरच्या बाकावर बसा. आत जायची परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. भाजलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांकडूनही मोठा धोका असतो. कातडी गेली की शरीराचं कुंपण गेलं. आतलं पाणी सतत झरत राहतं, ते सलाइनने भरून काढावं लागतं, आणि उघड्या जखमेतून जंतू शिरतात. पहिले दोन दिवस निभावले की घरच्यांना हायसं वाटतं, पण खरी लढाई तिथून पुढे सुरू होते. रोजचं ड्रेसिंग, रोजचा ताप, मूत्रपिंडं चालतायत का, श्वास कसा आहे. व्हरांड्यात दलाची माणसं बसलीत. गणवेशातही आहेत, साध्या कपड्यांतही. रक्त लागलं तर, कातडी लागली तर, काहीही लागलं तर. ड्युटी संपली की थेट इकडे. फार बोलत नाहीत. वॉर्डचं दार उघडलं की सगळे एकदम उभे राहतात.

गुरुवारी, १४ मे रोजी अमीन गेले. रविवारी, २४ मे रोजी नेसरीकर गेले.

अग्निशमन दलाचा प्रमुख निवृत्त होतो तेव्हा शाल-श्रीफळ मिळतं, भायखळ्याच्या अंगणात जवान सलामी देतात, मग तो माणूस कुठल्यातरी उपनगरात, कदाचित तुमच्याच सेक्टरमध्ये, राहायला येतो. सकाळी फिरायला जातो. सोसायटीच्या मिटिंगमध्ये जिन्यातल्या सायकलींवरून वाद घालतो आणि लोक त्याला खवचट म्हणतात. पुढे कधीतरी तो जातो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आणि श्रद्धांजलीच्या सभेत ज्याला त्याला त्याच्या मोठ्या आगी आठवतात. त्याने लागूच न दिलेल्या आगींची गणती कुणाकडे नसते. त्याने परवाना नाकारलेलं गोदाम, सक्तीने मोकळा करून घेतलेला जिना, पुन्हा बांधायला लावलेला दरवाजा. माझ्या लेखी त्याची खरी कमाई ती. नेसरीकरांच्या वाट्याला निवृत्ती आलीच नाही. शाल-श्रीफळ नाही, सकाळचं फिरणं नाही, सायकलींचा वाद नाही. ते जिन्यातले वाद आता बाकीच्यांनी घालायचे आहेत.

म्हणून शेवटचा टप्पा अगदी जवळचा. आजचं कामोठे. २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आलेलं, स्टिल्टवर उभ्या इमारतींचं, खाली दुकानं वर घरं असलेलं. आग लागली तर कळंबोलीच्या बाजूने बंब येईल. येताना त्याला रस्त्याच्या दोन्ही कडांना लावलेल्या गाड्यांमधून वाट काढायची आहे. संध्याकाळी सात वाजता तुमच्या गल्लीतून बंब वळेल का, हे खाली उतरून, डोळ्यांनी मोजून बघा. २०२५ च्या दिवाळीत याच कामोठ्यात एका इमारतीत आग लागून आई आणि मुलगी गेल्या. त्याच दिवशी वाशीत आणखी चौघे गेले. हे अंतर काळबादेवीइतकं लांबचं नाही.

मग जिन्याने वर चढा, लिफ्टने नको. दुसऱ्या मजल्यावरच्या लाल पेटीसमोर थांबा. काच आहे का? आत होज आहे, पण तिचं कॅनव्हास घडीवर चिरलंय. पितळेचा नॉझल नाही, भंगारात त्याला चांगला भाव येतो. व्हॉल्व्हचं चाक फिरवून बघा, गंजून बसलंय. अंगठ्याने जोर लावलात तर हाताला लाल पूड लागते. वर गच्चीचं दार. त्याला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला गेलेला. मधल्या मजल्यावर चपलांचं कपाट, त्याच्याशेजारी जुनी गादी, तिच्यावर दिवाळीचा उरलेला आकाशकंदील. धूर झाला तर याच जिन्यातून तुमची आई खाली येणार आहे आणि याच जिन्यातून बंबाचा साहेब वर चढणार आहे, तुमच्या आईच्या उलट दिशेने.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेतलेलं प्रमाणपत्र, फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. ते काम सोसायटीचं. नोटीस आल्यावर धावाधाव करून कागद मिळवणं वेगळं आणि व्हॉल्व्ह फिरतो का ते बघणं वेगळं, हे तुम्हाला आत्ता हाताला लागलेल्या गंजावरून कळलंय.

खाली मिरवणूक तुमच्या चौकात आली आहे, आवाज वाढलाय. दार लावून घ्या म्हणजे बोललेलं ऐकू जाईल. सेक्रेटरींचा नंबर तुमच्याकडे आहे.

"काका, नमस्कार. बी विंगमधून बोलतोय. जानेवारीचा फॉर्म बी कुणी सही केला होता? आणि त्या एजन्सीच्या माणसाला रविवारी बोलवाल का? मी थांबतो त्याच्याबरोबर, आपण दोघं मिळून सगळे व्हॉल्व्ह उघडून बघू."